कोडीची लायब्ररी आपोआप अपडेट ठेवणे: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी मांडणी. रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, ४ जीबी), त्यावर लिब्रेइलेक १२ (फक्त कोडी चालवण्यापुरती ऑपरेटिंग सिस्टीम), म्हणजे आत कोडी २१ ‘ओमेगा’, टीव्हीवर सिनेमे-मालिका दाखवणारं सॉफ्टवेअर. सिनेमे आणि मालिका दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर वापरण्याची पद्धत) जोडलेल्या. अपेक्षा साधी: नॅसवर फाइल पडली की रिमोटला हात न लावता टीव्हीवर पोस्टर दिसावं. कोडी अजून एक्सबीएमसी नावाने ओळखला जायचा (नाव बदललं २०१४ मध्ये) तेव्हापासून लोक हेच मागत आहेत. तरीही फोल्डरवर स्वतःहून लक्ष ठेवण्याची सोय मूळ कोडीत आजही नाही.

जे आहे ते सेटिंग्ज, मीडिया, लायब्ररी (कोडीने ठेवलेली सिनेमांची नोंदवही) इथे: ‘सुरू होताना लायब्ररी अपडेट करा’. बहुतेक जण हा खटका दाबून निश्चिंत होतात आणि आठवड्याने ‘चालत नाही’ म्हणतात. चालतं, पण फक्त सुरू होताना. पाय चोवीस तास चालू असतो, टीव्ही तेवढा बंद होतो. त्यामुळे कोडीच्या लेखी ‘सुरू होणं’ येतं ते फक्त वीज गेल्यावर. आणि नेमकी तिथेच दुसरी गोम आहे. वीज परत आली की पाय अर्ध्या-पाऊण मिनिटात उभा राहतो, दोन डिस्कच्या नॅसला त्याहून बराच वेळ लागतो. स्कॅन (नव्या फाइलींचा शोध) सुरू होतं, नॅस सापडत नाही, कोडी तो सोर्स (त्याला नेमून दिलेला फोल्डर) सोडून पुढे जातो आणि काम संपवतो. लिब्रेइलेकच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘नेटवर्कची वाट पाहा’ आहे खरं, पण ते राउटरची वाट पाहतं, नॅसची नाही.

म्हणून दुसरी पायरी, ‘लायब्ररी ऑटो अपडेट’ हा अॅड-ऑन (कोडीत भर घालणारा छोटा प्रोग्रॅम). कोडीच्या अधिकृत रिपॉझिटरीत मिळतो. ठरावीक तासांनी किंवा क्रॉनच्या (लिनक्समधल्या वेळापत्रकाच्या) पद्धतीने वेळ लिहून स्कॅन लावता येतं. बदलण्यासारख्या दोनच गोष्टी: स्टार्टअप डिले पाच मिनिटं ठेवा (वरचा वीज-नॅसचा घोळ तिथेच मिटतो) आणि ‘प्लेबॅक चालू असताना स्कॅन’ बंद ठेवा. दर सहा तासांनी पुरे. तासातासाला लावलं तर नॅसच्या झोपलेल्या डिस्क उगाच जाग्या होत राहतात. फार खटाटोप नको असेल त्याने इथेच थांबावं. आठपैकी पहिले तीन महिने याच्यावरच निभावले.

तिसरा मार्ग सगळ्यात चांगला, पण तो नीट समजून न लावल्यास सगळ्यात फसवा: फाइल जिथे पडते त्या यंत्रानेच कोडीला सांगायचं. नॅस लिनक्सवर चालणारा हवा आणि त्यावर इनोटिफाय-टूल्स (फोल्डरमधले बदल टिपणारी साधनं) हवीत. पायवर बसून नॅसचं फोल्डर इनोटिफायने पाहण्यात अर्थ नाही. एनएफएस किंवा सांबावरून (तशीच दुसरी पद्धत) जोडलेल्या फोल्डरमध्ये पलीकडच्या यंत्राने केलेला बदल या बाजूच्या कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला) कळतच नाही. पहारा बसवायचा तो जिथे डिस्क आहे तिथे.

कोडीत सेटिंग्ज, सर्व्हिसेस, कंट्रोल इथे एचटीटीपीवरून रिमोट कंट्रोल चालू करा. पोर्ट ८०८०, पासवर्डही द्या. नॅसवर इनोटिफायवेट (त्याच टूल्सपैकी एक) फोल्डरवर बसवा, पण ‘फाइल तयार झाली’ ही घटना धरू नका. ‘लिहून बंद झाली’ आणि ‘आत हलवली गेली’ या दोनच धरा. डीव्हीडीवरून उतरवलेली ४-५ जीबीची फाइल कॉपी व्हायला वेळ लागतो. अर्धवट फाइल कोडीने उचलली तर लांबी आणि ऑडिओ ट्रॅकची माहिती चुकीची नोंदली जाते, लघुचित्र येत नाही. त्याहून सोपं म्हणजे आधी त्याच डिस्कवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करायची आणि पूर्ण झाली की खऱ्या जागी हलवायची. एकाच फाइल सिस्टीमवर हलवणं म्हणजे फक्त नाव बदलणं, ते क्षणात होतं. आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर तो तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी नाव बदलतो, वेगळी काळजी नको.

आता खरी मेख. कोडीला पाठवायची आज्ञा म्हणजे जेसन-आरपीसीची (कोडीला बाहेरून आज्ञा देण्याची पद्धत) ‘व्हिडिओलायब्ररी.स्कॅन’. स्कॅन चालू असताना हीच आज्ञा पुन्हा गेली तर ती रांगेत लागत नाही, चालू स्कॅन थांबवते! आतून ती खटक्यासारखी आहे, एकदा चालू, परत बंद. मालिकेचे दहा भाग एकापाठोपाठ कॉपी केले की दहा आज्ञा जातात आणि स्कॅन चालू-बंद होत कुठेतरी मध्येच थांबतं. सहा भाग दिसतात, चार नाहीत, लॉगमध्ये ठळक चूकही नाही. उपाय: पहिली घटना आली की लगेच आज्ञा देऊ नका. शेवटच्या घटनेनंतर पाच मिनिटं शांतता झाली की मगच एक आज्ञा. अॅड-ऑनचं वेळापत्रकही मग रोज पहाटे चारला एकदाच ठेवा, म्हणजे दोघांची टक्कर होत नाही.

आज्ञेसोबत फोल्डरचा पत्ता देता येतो, त्यामुळे स्कॅन लवकर आटोपतं. पण तो पत्ता कोडीच्या डेटाबेसात जसा आहे तसाच हवा, एनएफएसच्या सुरुवातीसकट आणि शेवटच्या तिरक्या रेषेसकट. एक अक्षर चुकलं तर काहीच होत नाही आणि उत्तर मात्र ‘ओके’ येतं. हे ‘ओके’ म्हणजे ‘निरोप पोचला’, काम झालं असं नाही. नॅसचा आयपी राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. तो बदलला की कोडीच्या दृष्टीने सगळे जुने सिनेमे गायब आणि सोर्स नवा जोडला तर सगळे नवे.

स्कॅन नीट चालूनही पोस्टर येत नाही याचं भारतात एक नेहमीचं कारण आहे: काही इंटरनेट पुरवठादारांकडे टीएमडीबीचा (कोडी जिथून सिनेमांची माहिती आणि पोस्टर आणतो ती साइट) पत्ता डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) उघडत नाही. मग कोडी ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही, पुढे चालू ठेवू का?’ असं विचारून पडद्यावर थांबतो. टीव्ही बंद, घरात कोणी नाही, आणि स्कॅन रात्रभर त्या प्रश्नावर ताटकळत. लिब्रेइलेकच्या कनेक्शन सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकून पाहा, बहुतेक वेळा भागतं.

नाटकांची रेकॉर्डिंग, घरची लग्नं, दूरदर्शनवरून कधीकाळी उतरवलेल्या कॅसेटी यांची नोंद टीएमडीबीवर सापडेल ही आशाच सोडा. त्यांच्यासाठी वेगळा सोर्स करून स्क्रेपर (माहिती गोळा करणारा भाग) ‘फक्त स्थानिक माहिती’ ठेवा आणि प्रत्येक फाइलशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल (सिनेमाची माहिती लिहिलेली मजकूर-फाइल), यूटीएफ-८ मध्ये. शीर्षक आणि साल एवढ्या दोन ओळी पुरतात. क्रम पाळा: एनएफओ आधी, व्हिडिओ नंतर. एकदा नोंद झालेल्या सिनेमाशेजारी मागाहून ठेवलेली एनएफओ पुढच्या स्कॅनमध्ये वाचली जात नाही. त्या सिनेमावर जाऊन हाताने ‘रिफ्रेश’ करावं लागतं. बाकी सिनेमांना फोल्डरच्या नावात कंसात साल हवंच. मराठीत एकाच नावाचे दोन-दोन सिनेमे कमी नाहीत आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग तर ज्याचं त्याचं.

‘लायब्ररी क्लीन’ मात्र आपोआप लावू नका. फाइल नाही म्हणजे नोंद काढा, हे तर्कशास्त्र बरोबर आहे. पण नॅसचा भाग ऑपरेटिंग सिस्टीममधून माउंट केलेला (फोल्डर म्हणून जोडलेला) असेल आणि त्या दिवशी माउंट झालाच नसेल, तर कोडीला फोल्डर दिसतो, फक्त रिकामा. मग तो इमानेइतबारे सगळ्या नोंदी पुसतो. परत स्कॅन केलं की पोस्टर येतात, पण ‘पाहिलं’च्या खुणा आणि कुठवर पाहिलं ते गेलं. अॅड-ऑनमध्ये सफाईआधी सोर्स तपासण्याची सोय आहे, पण रिकामा फोल्डर ‘आहे’च असतो, म्हणून ती इथे कामी येत नाही. नॅस उघडून, दोन फाइली डोळ्यांनी पाहून, महिन्यातून एकदा सफाई हाताने करा. त्याआधी लायब्ररी ‘वेगवेगळ्या फाइलींत’ एक्स्पोर्ट करा. एनएफओतल्या पाहिल्याच्या खुणा परत येण्यासाठी अॅडव्हान्स्डसेटिंग्ज फाइलीत ‘इम्पोर्टवॉच्डस्टेट’ चालू लागतं, मुळात ते बंद असतं.

दुसऱ्या खोलीतही कोडी असेल तर मारियाडीबीवर (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) दोघांसाठी एकच डेटाबेस ठेवता येतो. दोन्हीकडे आवृत्ती एक, सोर्सचे पत्ते अक्षरशः एक (एकीकडे एनएफएस, दुसरीकडे सांबा असं केलं की प्रत्येक सिनेमा दोनदा दिसतो) आणि स्कॅनची आज्ञा फक्त एकाच डब्याला. अपग्रेडही दोन्हीकडे एकाच दिवशी करा, कारण मुख्य आवृत्तीनुसार डेटाबेसचा क्रमांक बदलतो: कोडी २० ला १२१, कोडी २१ ला १३१. एक डबा मागे राहिला तर तो जुन्याच डेटाबेसात वाचत बसतो आणि नवे सिनेमे त्याला दिसत नाहीत.