तपासणी शिबिर, शाळेभोवतीची बंदी की शाळेतील ताट : ग्रामपंचायतीने काय निवडावे?

मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारखे आहाराशी निगडित आजार रोखण्यासाठी काही करावे असे कोकणातील एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीने ठरवले, तर सभेपुढे साधारणपणे तीन प्रस्ताव येतात : तपासणी शिबिर, शाळेजवळ पाकीटबंद पदार्थांच्या विक्रीवर बंदी, आणि शालेय पोषण आहाराला परसबागेची जोड. शीतपेयांवर कर लावण्याचा चौथा विचार मात्र बाजूला ठेवावा. अमेरिकेतील बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदान घेऊन असा कर मंजूर केला, परंतु आपल्याकडे तो अधिकार ग्रामपंचायतीला नाही.

शिबिर भरवणे सर्वांत सोपे आहे आणि त्याची गरजही खरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. मात्र ३० वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची व्यवस्था आशा सेविका आणि उपकेंद्र यांच्यामार्फत आधीच ठरलेली असल्याने, त्याच कामावर ग्रामपंचायतीने पुन्हा खर्च करणे मला योग्य वाटत नाही. शिवाय तपासणीने आजार लवकर कळतो. तो होऊ नये यासाठी जे करायचे, ते त्याच्या कित्येक वर्षे आधी ताटात करावे लागते.

बंदीला जवळजवळ खर्च येत नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत मेद, साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ विकता येत नाहीत. कारवाईचे अधिकार अन्न व औषध प्रशासनाकडे असले, तरी ग्रामपंचायतीच्या मालकीचा गाळा भाड्याने देताना ही अट करारात घालता येते. अडचण वेगळीच आहे. लहान गावात त्या ५० मीटरमध्ये असलेले दुकान बहुधा वाडीतले एकमेव किराणा दुकान असते आणि त्यावर एक घर चालते; म्हणून दुकानदाराला आधी विश्वासात घेऊन भाजलेले चणे, शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी असे पदार्थ पुढे मांडायला सांगणे, हाच टिकणारा मार्ग आहे. शीतपेयाच्या जागी अमृत कोकम ठेवून समाधान मानू नये, कारण तेही साखरेच्या पाकातलेच असते. मिठाचेही तसेच आहे : जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, आणि आपल्या घरातला खारवलेला बांगडा, लोणचे आणि आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) हे सारे त्या हिशेबात येते.

माझा कल तिसऱ्या प्रस्तावाकडे आहे, कारण त्याचा परिणाम शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी मुलांच्या ताटात दिसतो. पोषण आहाराच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी मिळायला हवी. म्हणजे ४० मुलांच्या शाळेला दररोज २ किलो. एवढी भाजी एकट्या परसबागेतून निघेल असे कोणी गृहीत धरू नये. पावसात पालेभाज्या कुजतात, मात्र मांडवावर पडवळ, दोडका आणि काकडी चांगली येते. लाल माठ आणि मुळा भातकापणीनंतर लावावा. उन्हाळ्यात विहीर आटली की बाग सुकते. कमी पडणारी भाजी गावातल्याच बचत गटाकडून घेण्याची तरतूद करावी, आणि त्यासाठी महिला व बालकल्याणावर खर्च करावयाच्या १० टक्के स्वनिधीचा (ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा) विचार सभेत मांडावा. भातासोबत आठवड्यातून दोनदा नाचणी किंवा कुळीथ ताटात आणण्याविषयी मुख्याध्यापक आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई यांच्याशी ग्रामपंचायतीने जूनपूर्वीच बोलावे. बंदीची अट यासोबतच ठरावात घ्यावी, कारण ताटात चांगले काही असेल तर दुकानातले नाकारणे मुलाला सोपे जाते.

निवड उलटी करावी लागेल अशी गावेही कोकणात पुष्कळ आहेत. तरुण कुटुंबे मुंबईला गेलेली, शाळेत पाच-सात मुले आणि वाड्यांवर मुख्यतः वृद्ध, अशी स्थिती असेल तर पैसा त्या वृद्धांसाठीच वापरावा. पण तोही एका दिवसाच्या शिबिरावर न घालवता, डोंगरावरच्या शेवटच्या वाडीपासून उपकेंद्रापर्यंत दरमहा नेण्या-आणण्याच्या गाडीवर खर्च करावा, म्हणजे रक्तदाबाची गोळी घेण्यात मध्येच खंड पडणार नाही.