मिस्टर फ्रीझ की टू-फेस?

१९९२ च्या ‘बॅटमॅन: द ॲनिमेटेड सीरीज’मधले हे दोन खलनायक मला अजून सोडत नाहीत. फ्रीझ एकाच भागात उभा राहतो. आजारी बायको नोरा गोठवून ठेवलेली, कंपनीच्या मालकाने प्रयोग बंद पाडलेला. शेवटी कोठडीत तो काचेच्या गोळ्यातल्या नाचणाऱ्या बाहुलीकडे बघत नोराची माफी मागतो, तेव्हा घशात आवंढा येतो. या भागाच्या लेखनाला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, ते योग्यच.

टू-फेसचं तसं नाही. टू-फेस होण्याआधी तो हार्वी डेंट असतो; आधीच्या भागांत ब्रूसचा, म्हणजे बॅटमॅनचा मित्र, सरकारी वकील म्हणून भेटत राहतो. त्याच्यातला दुसरा, संतापी हार्वी स्फोटात अर्धा चेहरा जळण्याआधीपासूनच आत दबा धरून बसलेला असतो. स्फोट फक्त त्याला वाट करून देतो. पुढे ढीगभर नाणी विखुरतात, त्यात छापा-काटा करून निर्णय घ्यायचं त्याचं नाणं हरवतं आणि हा माणूस कोलमडून जमिनीवर शोधत राहतो. निर्णय घ्यायची ताकदच त्याने नाण्यावर सोपवलेली!

फ्रीझची गोष्ट जास्त घट्ट विणलेली आहे. तरी माझा कौल टू-फेसला, कारण त्याला आपण माणूस म्हणून आधी ओळखलेलं असतं.