ऑक्सिडेज चकत्या : वस्तू चोख, माहितीपत्रक चुकीचे

बेळगावातील आमच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत गेली दोन वर्षे आम्ही ऑक्सिडेज तपासणीच्या तयार चकत्या वापरत आहोत. जिवाणूत सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे श्वसनातले विकर (एन्झाइम) आहे का, हे रसायन लावलेली ही चकती जांभळी होऊन सांगते. पूर्वी त्यासाठी टेट्रामिथाइल पॅरा-फेनिलीनडायअमाइन या रंगणाऱ्या रसायनाची पूड तोलून दर खेपेला ताजे द्रावण करावे लागे. ते थोड्याच दिवसांत हवेने निळे-जांभळे पडे आणि उरलेले ओतून टाकावे लागे. पन्नास चकत्यांच्या डबीने ही नासाडी थांबवली, आणि केवळ वस्तू म्हणून पाहिले तर माझी काहीच तक्रार नाही.

चकतीवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब सोडायचा, न्यूट्रिएंट अगार या पोषक माध्यमावर रात्रभरात वाढलेली जिवाणूंची वसाहत लाकडी काडीने उचलून तिच्यावर चोळायची आणि घड्याळाकडे लक्ष ठेवायचे. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जिवाणू चोळला की काडीच्या रेघेच्या कडेने आधी निळसर छटा उमटते आणि दहा सेकंदांच्या आत ती वांग्याच्या सालीसारखी गर्द होते. ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू चोळलेली चकती तेवढ्या वेळात पांढरीच राहते. नंतर सावकाश येणारा जांभळटपणा हवेचा असतो, तो निकालात धरायचा नाही. खानापूर आणि निपाणी भागातून येणारी मुले गावच्या विहिरीचे पाणी तपासायला आणतात, तेव्हा कोलिफॉर्मसारख्या (ई. कोलाय ज्या गटात येतो त्या जिवाणूंसारख्या) दिसणाऱ्या वसाहतींतून एरोमोनास हा जिवाणू बाजूला काढण्याचे काम या चकतीने अगदी सोपे केले आहे, कारण एरोमोनास चकती रंगवतो आणि कोलिफॉर्म रंगवत नाहीत.

माझा आक्षेप डबीसोबतच्या माहितीपत्रकावर आहे. ज्या जिवाणूने चकती रंगत नाही तो ऑक्सिजन वापरत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात छापले आहे. पहिल्याच प्रात्यक्षिकात ते वाचून एका मुलीने विचारले, "मॅडम, मग ई. कोलाय श्वासच घेत नाही काय?" प्रश्न रास्त होता. हवा खेळती राहावी म्हणून त्याच ई. कोलायचा चंबू आदल्या दिवशी तिनेच शेकरवर ठेवला होता.

खरी गोष्ट अशी की चकतीतले रसायन आपले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सी हे इलेक्ट्रॉन वाहणारे प्रथिन आणि त्याच्या पुढचे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या जोडीमार्फत ऑक्सिजनला देते आणि ते देताना रंगते. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियात हीच वाट असते, म्हणून पाठ्यपुस्तकातली आकृती पाहून मुलांना तीच एकमेव वाटते. ई. कोलायमध्ये ही जोडी नाही आणि तिच्या अलीकडचे, सायटोक्रोम सीला इलेक्ट्रॉन देणारे बीसी-१ हे प्रथिनांचे संकुलही नाही. त्याच्याकडे अन्नातले इलेक्ट्रॉन आणून देणाऱ्या एनएडीएच या रेणूकडून इलेक्ट्रॉन घेणारी मुख्य विकरे दोन आहेत : एक तेरा उपघटकांचे मोठे संकुल, जे प्रोटॉन पेशीच्या पटलाबाहेर ढकलून ऊर्जा साधते, आणि दुसरे एकाच प्रथिनाचे, जे इलेक्ट्रॉन पुढे देते पण प्रोटॉन ढकलत नाही. पुढे क्विनॉल या पटलातल्या इलेक्ट्रॉनवाहकाकडून इलेक्ट्रॉन थेट ऑक्सिजनकडे नेणारी ऑक्सिडेजेही निरनिराळी आहेत. हवा भरपूर असताना प्रोटॉन ढकलणारे बीओ-३ चालते. हवा विरळ झाली की बीडी पुढे येते, ज्याच्यातून ऊर्जा कमी साधते, पण अगदी थोडा ऑक्सिजनही ते घट्ट पकडते. म्हणजे श्वसन चालू आहे, फक्त ते चकतीला दिसणाऱ्या वाटेने होत नाही.

एवढ्यावर कुणाचे समाधान होत नसेल तर त्याने ॲसिनेटोबॅक्टर चोळून पाहावा. हा जिवाणू ऑक्सिजनवाचून वाढू शकत नाही आणि तरीही चकती पांढरीच ठेवतो. माहितीपत्रकातले वाक्य खोटे ठरवायला हे एकच उदाहरण पुरेसे आहे.

उलट बाजूनेही चकतीचे बोलणे मोजकेच आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसाकडे पाच अंतिम ऑक्सिडेजे आहेत, त्यांतले एक बीडीच्या कुळातले असून सायनाइडलाही दाद देत नाही. जांभळा रंग या ऑक्सिडेजाविषयी काहीच सांगत नाही. आमच्या भागात उसाला ॲझोटोबॅक्टरचे जिवाणू खत देणारे शेतकरी आहेत, म्हणून मी वर्गात त्याचेही उदाहरण आवर्जून देते. त्याचे बीडी ऑक्सिजन झपाट्याने संपवते आणि ऑक्सिजनने निकामी होणाऱ्या नायट्रोजिनेज या नत्र बांधणाऱ्या विकराला वाचवते. ऊर्जेच्या हिशेबात उणे वाटणारी वाट तिथे नेमकी कामाची ठरते, हे उसाच्या घरच्या मुलांना चटकन पटते.

वापरणाऱ्यांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तारेच्या लूपने वसाहत उचलू नये, त्यातल्या लोखंडाने खोटा जांभळा रंग येतो. मॅकाँकी अगार या लॅक्टोज असलेल्या माध्यमावरची वसाहत घेऊ नये, तिथे लॅक्टोजपासून होणाऱ्या आम्लामुळे खरा रंगही दबतो. आणि इथल्या पावसाळ्यात डबी फ्रिजमध्ये अंधारात, ओलावा शोषणाऱ्या पुडीसह ठेवावी. जुलैत एक डबी नीट बंद न राहिल्याने आमच्या बऱ्याच चकत्या वापरण्याआधीच निळ्या पडल्या. पहिल्या दोन सूचना पत्रकात कुठेच नाहीत, हे मला खटकते.

चकत्या आम्ही पुढेही घेणार आहोत. पत्रक मात्र काढून ठेवले आहे आणि झाकणावर मराठीत व कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे : "रंग नाही, म्हणजे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज आढळले नाही. ऑक्सिजनचा वापर वेगळा तपासा."