बाबाजींचे बाळाजी झाले, तेव्हा

आमच्या कुलमंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मी जो प्रश्न टाकला होता, तो आज वाचला की कानशिलं तापतात. प्रश्न कसला, लग्नाच्या स्थळासारखी अख्खी माहितीच होती ती. वाईजवळचं मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, घरात कुलकर्णी वतन होतं हे, सात पिढ्यांची नावं, आईचं माहेरचं आडनाव. वर 'जुनं सगळं आमच्या इंदूरच्या अक्काआत्याला ठाऊक आहे' असं लिहून तिचा फोन नंबरही दिला. आणि शेवटी विचारलं काय, तर 'माधवराव पेशव्यांनी आमचे मूळपुरुष बाळाजीपंत यांना सनद दिली असं ऐकून आहे. कुणाकडे पुरावा आहे का?'

पुरावा दुसऱ्याच दिवशी हजर! एका अनोळखी माणसाचा फोन: "काका, आपण एकाच कुळातले. मोडी लिपी म्हणजे माझ्या हातचा मळ. पुण्याला पेशवे दफ्तरात माझं नेहमी जाणं असतं." आवाज तरुण, बोलणं अदबीचं. 'काका' ऐकून मी निम्मा तिथंच विरघळलो.

आधी शोधणावळ ११०० रुपये. आठवड्यानं फोन आला, "काका, सापडली!" मग साक्षांकित नकलेचे ६५००. मग मोडीचं बाळबोध, म्हणजे देवनागरी, करून द्यायचे १२,०००. एकूण १९,६०० रुपये मी यूपीआयनं पाठवले, एकदाही पावती न मागता. पीडीएफ आली ती बघून डोळे भरून आले हो! पिवळट कागद, वर शिक्का, आणि शके १६९० मध्ये बाळाजीपंतांना वतन दिल्याचा मजकूर. रंगीत छपाई करून मी ती चौकटीत बसवली आणि दिवाणखान्यात लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला चहाआधी सनद दाखवायचो. बायको म्हणायची, आधी पाणी तरी द्या त्यांना.

दिवाळीला आत्या आली. चष्मा लावून तिनं खालचं बाळबोध वाचलं आणि म्हणाली, "हे बाळाजी कोण रे?"

"कोण म्हणजे? आपले मूळपुरुष."

"ते बाबाजी. मी अण्णांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेले होते तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतून माझ्या हातानं उतरवून घेतलंय. बाळाजी आपल्यात कुणी नाहीच."

वडलांची वही काढली. त्या नावावर शाई पसरलेली होती आणि 'बाबाजी'चं 'बाळाजी' मीच वाचलं होतं. म्हणजे माझी परवाची चूक अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं आधीच करून ठेवली होती!

आत्याचं एवढ्यावर थांबलं नाही. "तुझ्या त्या मोडीवाल्यानं मलाही फोन केला होता. अक्का म्हणाला, गाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं. कुलवृत्तांत छापताहेत म्हणून तीन हजार घेतले. माझा नंबर वाटायच्या आधी मला विचारायचंस तरी!" यावर माझ्याकडे काय उत्तर असणार? माझे पैसे माझ्या हौसेपायी गेले, तिचे मात्र माझ्या आगाऊपणामुळे.

मग ती चौकट घेऊन ओळखीच्या एका मोडी शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. आधी हे का केलं नाही, विचारू नका. त्यांनी मजकूर वाचलाच नाही, नुसती अक्षरं बघितली. "यातले सगळे 'क' बघा. एकसारखे एक. बोरू हातात धरून लिहिणाऱ्या माणसाचे दोन 'क' असे तंतोतंत जुळत नाहीत. हा संगणकावरचा फाँट आहे." मग तिथीच्या ओळीवर बोट ठेवलं. शके १६९० ला 'विक्रम नाम संवत्सर' म्हटलं होतं. विक्रम संवत्सर शके १६८२ चं, पानिपत झालं ते. १६९० चं सर्वधारी. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं असतं, कुठल्याही पंचांगावरून मागं मोजत जाता येतं. आणि गावापुढे चक्क 'तालुका वाई, जिल्हा सातारा', सातबाऱ्यावर असतो तसा पत्ता. पेशवाईतल्या कागदात 'मौजे अमुक, प्रांत वाई' असं यायचं.

"रुमाल नंबर काय दिला त्यानं?" बाईंनी विचारलं. पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात, त्यामुळे तिथं कागद पाहिलेला माणूस दफ्तर आणि रुमाल सांगतोच. मी कधी विचारलंच नव्हतं. तो रुमाल नंबर फोनवर त्याला विचारला, तेव्हा "काका, बघून सांगतो" म्हणाला. त्यानंतर फोन बंद. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार दिली, पण तोवर पाच महिने उलटले होते. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे कधीच पुढे गेले होते.

राग त्याच्यावर आहेच, पण त्यानं शोधलं काय? मी जे दिलं तेच जुन्या कागदाच्या रंगात बुडवून मला विकलं. मला हवं ते उत्तर मीच प्रश्नात घालून ठेवलं होतं.

हल्ली मी विचारतो तेव्हा गाव आणि साधारण काळ एवढंच सांगतो. जिवंत माणसांचं नाव नाही, नंबर तर नाहीच. घरात ऐकलेली गोष्ट असेल तर 'ऐकीव' असं लिहितो, आणि एखादं नाव मुद्दाम हातचं राखतो. कुणी काही सांगितलं की कुठे पाहिलं ते विचारतो. खरा माणूस चिडत नाही, उलट खुलतो आणि दोन पानं जास्त लिहितो. मोडी वाचून देणाऱ्यानं मेहनताना मागण्यात गैर काही नाही. फक्त कागद आधी आपल्या हातात हवा, तोही त्याच्याकडून आलेला नको.

गेल्या महिन्यात बडोद्याच्या एका भाऊबंदांना पत्र टाकलं. एकच ओळ: आपल्या घरात मूळपुरुषाचं नाव काय सांगतात? माझ्याकडचं नाव कळवलं नाही. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. थरथरत्या अक्षरात, दोनदा गिरवलेलं: बाबाजी.