सिग्नलवर बंद पडणारी गाडी आणि बाराशे रुपयांचा ओबीडी अडॅप्टर

माझ्याकडे २०१५ सालची पेट्रोल गाडी आहे. दोन महिने तिचा त्रास चालू होता. सिग्नलला थांबले की इंजिन थरथरत असे, आरपीएमचा काटा ७५० वरून ५०० पर्यंत घसरून पुन्हा उसळत असे, आणि एसी चालू असेल तर दोन-तीन हेलकाव्यांनंतर गाडी बंदच पडत असे. एका गॅरेजमध्ये चारही स्पार्क प्लग बदलून झाले आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) दोनदा साफ झाली. त्यानंतर इंजेक्टरचा पूर्ण संच बदलावा लागेल असे सांगण्यात आले, तेव्हा मी सुमारे १,२०० रुपयांना ब्लूटूथवर चालणारा ओबीडी अडॅप्टर मागवला. तीन महिन्यांच्या वापरानंतर हे लिहीत आहे. वस्तू घेण्याजोगी आहे, मात्र तिच्यातील आकडे वाचायला शिकण्याची तयारी हवी.

हा काडेपेटीपेक्षा किंचित मोठा अडॅप्टर स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि इंजिनाच्या ईसीयूकडील, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाकडील माहिती मोबाइलवरील अॅपमध्ये दाखवतो. माझ्या गाडीचा चेक इंजिन दिवा लागलेला नव्हता, तरीही अॅपमध्ये ‘पेंडिंग’ या सदराखाली पी०१७१ हा कोड दिसला. म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडत होते. मात्र हवा जास्त येते की पेट्रोल कमी येते, हे कोड सांगत नाही. अनेक गॅरेजमध्ये स्कॅनर लावून एवढेच वाचले जाते आणि तेथूनच सुटे भाग बदलण्यास सुरुवात होते, याचे मला वाईट वाटते.

या उपकरणाचा खरा उपयोग फ्युएल ट्रिम पाहण्यात आहे. धुराड्यातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा निरोप पाहून ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, तो हा आकडा असतो. त्यातील लाँग टर्म ट्रिम हा सवयीने मुरलेला भाग आणि शॉर्ट टर्म ट्रिम हा त्या क्षणाचा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्ये आयडलिंगला (अॅक्सिलरेटर न दाबता) दोन्हींची बेरीज अधिक २४ टक्के आली. अॅक्सिलरेटर दाबून आरपीएम २,५०० वर स्थिर धरला, तेव्हा तीच बेरीज ६ टक्क्यांवर उतरली. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतील) ओढ सर्वाधिक असते आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा थोडी असते, म्हणून एखाद्या चिरेतून चोरून शिरणारी हवा तेथे मोठा वाटा उचलते. आरपीएम वाढला की तोच वाटा क्षुल्लक ठरतो. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमी पडत असता, तर मागणी वाढेल तसा ट्रिम उलट वर गेला असता.

मग शोध सोपा झाला. पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (इंजिनाच्या तळातील वायू पुन्हा आत सोडणाऱ्या झडपेपासून) मॅनिफोल्डकडे जाणारा रबरी पाइप चिमट्याने दाबताच काटा ७५० वर स्थिरावला, आणि पाइप काढल्यावर खालच्या वळणात, वरून कधीच दिसली नसती अशी चीर सापडली. नवा पाइप ३५० रुपयांत मिळाला आणि आठवडाभराने आयडलिंगचा ट्रिम ५ टक्क्यांवर आला. (अशी गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत आढळते, तो द्रव पेट घेऊ शकतो, म्हणून ती कृपया टाळावी.)

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हे गणित माझ्या गाडीला लागू पडले, कारण तिच्यात येणारी हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर आहे. ज्या गाड्यांत केवळ मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तेथे चोरून आलेली हवाही दाबातून हिशेबात धरली जाते. त्यामुळे ट्रिम फारसा न बिघडता आयडलिंग चढलेले किंवा वर-खाली होत असलेले दिसू शकते आणि मॅपचा आकडाच पाहावा लागतो. दुसरे म्हणजे, २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर, त्यासाठी न जुळवलेल्या जुन्या गाडीचा ट्रिम मुळातच अधिककडे झुकलेला असू शकतो. म्हणून एकाच आकड्यापेक्षा आयडलिंग आणि २,५०० या दोन नोंदींतील फरक महत्त्वाचा मानावा.

उणिवाही आहेत. एका वेळी आठ-दहा आकडे पडद्यावर ठेवले, तर ते इतके सावकाश बदलतात की क्षणिक झटका निसटतो. मी चारच ठेवतो. सॉकेटला बॅटरीचा पुरवठा सतत असतो, त्यामुळे काम झाल्यावर अडॅप्टर काढून ठेवावा. माझा अडॅप्टर जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा असल्याने घरातील आयफोनशी जुळत नाही. आयफोन वापरणाऱ्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जी असलेला प्रकार पाहून घ्यावा. आणि अॅपमधील कोड पुसण्याचे बटण, सर्व नोंदी लिहून घेईपर्यंत अजिबात दाबू नये, कारण कोडसोबत बिघाडाच्या क्षणाची साठवलेली माहितीही त्याच दाबाने नाहीशी होते.