इको प्रिंटिंग किट: कापड मस्त, पुड्या मात्र काष्ठौषधीवाल्याकडे मिळतात

पाचपैकी तीन स्टार देतेय, त्यातले दोन नुसत्या कापडाचे. पानाफुलांचे ठसे कापडावर उमटवायचं हे किट ऑनलाइन मागवलेलं, बॉक्समध्ये सुती रुमाल, सिल्कचा छोटा स्टोल, लाकडी हातोडी, सुतळी आणि तीन पुड्या. पुड्यांवर इंग्रजीत भारी भारी नावं, उघडून बघते तर तुरटी, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरड्याची पूड! एवढ्यासाठी एवढे पैसे लावतात म्हणजे कमाल आहे.

पण रिझल्ट येतो हां, ते नाकारणार नाही. रुमाल हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचा, पान हिराकसच्या पाण्यातून काढून शिरांची बाजू कापडाला लागेल असं ठेवायचं, मग पाइपवर गुंडाळून सुतळीने करकचून बांधायचं आणि दीड-दोन तास वाफवायचं. बांधणं सैल राहिलं तर नुसते डाग पडतात, घट्ट असेल तर शीर न् शीर काळी उमटते, कडेची करवतसुद्धा दिसते. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळंच होतं, पूर्वी शाई करायचे ना याची.

आता तक्रार. सोबतच्या कागदात मेपलची पानं वापरा म्हणे, आता मेपल पुण्यात कुठून आणू? सागाची कोवळी पानं घ्या सरळ, ती हातावर चोळली की हात लाल होतो हे कोकणात कुठल्याही पोराला माहितीये, कापडावर पण लालसर जांभळा छान येतो. झेंडूच्या पाकळ्या तुरटी लावलेल्या कापडावर पिवळ्याधम्मक, आणि तो रंग बऱ्यापैकी टिकतो. बॉक्सवर फोटो मात्र जास्वंदीचा, ती हातोडीने ठोकली की काय सुंदर जांभळी दिसते, पण साबण लागला की गेलीच. फोटो बघून फसू नका.

आणि सगळ्यात राग कशाचा आला तर वाफवायचं भांडं वेगळं ठेवा हे त्या कागदात कुठेच नाही. हिराकस आहे त्यात, घरातलं मोदकपात्र अजिबात काढू नका, जुनं पातेलं आणि चाळणी याच कामाला ठेवून द्या.

स्टोल अप्रतिम आहे, सिल्कवर रंग पटकन धरतो. रुमालांना खळ आहे, आधी धुण्याचा सोडा घालून उकळून घ्या नाहीतर रंग बसतच नाही.