मातीचा ताशा आणि सॅन फर्नांडोचा मोहरम

बेळगावच्या बाजारातील एका जुन्या वाद्यदुकानातून मी गेल्या आषाढात मातीचा ताशा बनवून घेतला. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीत, सॅन फर्नांडो शहराजवळ, ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मोहरमच्या मिरवणुकीवर झालेल्या गोळीबाराविषयी आमच्या वाचनालयात मला बोलायचे होते आणि ती माणसे ज्या नादावर चालत होती, तो श्रोत्यांच्या कानावर न घालता हा विषय मांडणे मला पटत नव्हते.

दुकानात फायबरचे पान लावलेले तांब्याचे ताशेच टांगलेले होते. उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेले आपले मजूर तिकडे मोहरमला ‘होसे’ म्हणत आणि तेथील ताशा आजही मातीच्या भांड्यावर बकऱ्याचे कातडे मढवून, जाळावर शेकून वाजवतात, हे ऐकल्यावर दुकानाच्या चाचांनी आगाऊ पैसे न घेता काम धरले. या सणात हिंदूही मोठ्या संख्येने सामील होतात, तेव्हा तो खरा धार्मिक सण नव्हेच, असा युक्तिवाद तेथील इंग्रज सरकारच्या बाजूने केला गेला, हे मी सांगितले तेव्हा त्यांचा हात थांबला. “आमच्या गावात पंजापुढं पहिला नारळ पाटलांचा असतोय,” ते म्हणाले.

पावसाळी हवेत कातडे वाळेना, त्यामुळे ताशा आठ दिवस उशिरा मिळाला. शिवाय एका दोरीची गाठ कच्ची राहिली होती, ती मला दुसऱ्या फेरीत आवळून घ्यावी लागली. नादाला मात्र तोड नाही. थंड ताशा बद्द वाजतो, पण काटक्यांच्या जाळावर थोडा वेळ धरला की बारीक काड्यांखाली तो असा कडाडतो की छातीत जाणवते.

कार्यक्रमात ताशा वाजत असताना मी एका तरुणाला व्यासपीठावरून सरकारी जाहीरनामा वाचायला लावला. पहिल्या रांगेलाही शब्द कळले नाहीत. सॅन फर्नांडोच्या वेशीवर दंडाधिकाऱ्याने जमावापुढे दंगलीचा कायदा, म्हणजे पांगण्याचा सरकारी हुकूम, असाच वाचला आणि नंतर बंदुका चालल्या. साखरेचे भाव कोसळलेले, मळ्यांवर संप होत असलेले, अशा वेळी निरनिराळ्या मळ्यांचे मजूर एकत्र येणे सरकारला आणि मळेवाल्यांना धोक्याचे वाटत होते. म्हणून मिरवणुकांना शहरात बंदी घालण्यात आली होती. सुखू नावाच्या तेथील एका भारतीयाने व त्याच्या सोबत्यांनी त्याविरुद्ध रीतसर अर्ज केला होता, तोही फेटाळला गेला. सरकारी हिशेबाने सोळा माणसे मेली, शंभरावर जखमी झाली, मृतांत हिंदूही होते; आणि जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांच्या चौकशीने पोलिसांची कृती योग्य ठरवली. हे सांगताना माझा आवाज बसला, तेव्हा मी पुन्हा ताशा वाजवायला सांगितले.

ज्यांना असा ताशा हवा असेल त्यांनी तो उन्हाळ्यातच सांगून ठेवावा, घेताना गाठी स्वतः ओढून पाहाव्यात आणि शेकायला कसा धरायचा ते चाचांकडून तेथेच शिकून घ्यावे; ते मनापासून शिकवतात.